लोकसभेचं पहिलं मत: कोणाला द्यायचं हे ठरवायचं कसं, आणि ते द्यायचं कसं

जून २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल लागला तेव्हा विजयी रवींद्र वायकर आणि पराभूत अमोल कीर्तिकर यांच्यात फरक होता ४८ मतांचा. चाळीतल्या एका मजल्यावर तेवढी माणसं राहतात. त्याच मतदारसंघात ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नको’ या बटणाला, पंधरा हजारांवर मतं पडली आणि मतदारांचा मोठा हिस्सा मतदानाला आलाच नाही.

असे निकाल दुर्मीळ असतात, हे आधीच सांगून टाकतो. लोकसभेला बहुतेक ठिकाणी फरक हजारांत किंवा लाखांत असतो, त्यामुळे ‘माझ्या एका मतानं काय होणार’ हा प्रश्न अगदी चुकीचा नाही. पण मत फक्त जिंकण्या-हरण्यासाठी मोजलं जात नाही. निकालानंतर प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे जाहीर होतात: कोणत्या केंद्रावर किती जणांनी मत दिलं, कोणाला किती पडली. सगळ्या पक्षांची माणसं हे आकडे घेऊन बसतात. ज्या वस्तीतून, ज्या गावातून भरभरून मतदान होतं तिथे पुढची पाच वर्षं चकरा होतात. जिथून होत नाही तिथे निवडणुकीच्या आधी एक रिक्षा भोंगा वाजवत फिरते, बास. २०२४ ला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि मुंबई दक्षिणमध्ये जेमतेम ५०. जंगलातून पायपीट करून येणारा मतदार आणि लिफ्टनं खाली उतरणारा मतदार यांतला हा फरक मला तरी दर वेळी खटकतो.

हा लेख ज्यांना लोकसभेला पहिल्यांदा मत द्यायचं आहे त्यांच्यासाठी. क्रम मुद्दाम ठरवला आहे. नाव यादीत नसेल तर बाकी विचार वाया, म्हणून यादी आधी. पण त्याहून आधी एक गैरसमज दूर करायला हवा.

पायरी १: आपण नेमकं कोणाला निवडतो?

बटण दाबताना आपण पंतप्रधान निवडत नाही, खासदार निवडतो. लोकसभेच्या ५४३ जागा, त्यात महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या २. ज्याच्यामागे २७२ खासदार उभे राहतील त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात. तो लोकसभेतलाच असला पाहिजे असंही नाही. मनमोहन सिंग दहा वर्षं पंतप्रधान होते आणि त्या सगळ्या काळात राज्यसभेत होते. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ ला आपल्या रामटेकमधून निवडून आले होते. १९९१ ला ते निवडणुकीला उभेच नव्हते, तरी पंतप्रधान झाले आणि मग नंद्याळच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले.

म्हणजे तुमच्यापुढे प्रश्न दोन आहेत, माझ्या भागाचा खासदार कोण आणि देशाचा कारभार कोणाकडे, आणि बटण एकच. दोन्हींची उत्तरं एकाच चिन्हावर आली तर प्रश्नच नाही. नेता आवडतो पण इथला उमेदवार नको, किंवा उमेदवार चांगला पण त्याचा पक्ष नको, असं झालं की खरी पंचाईत होते. तिचं उत्तर पुढे पायरी ५ मध्ये आहे.

कोणता प्रश्न कोणत्या निवडणुकीचा, हेही इथेच वेगळं करून ठेवा. गटार तुंबलं, कचऱ्याची गाडी येत नाही, नळाला पाणी नाही: हे नगरसेवकाला किंवा सरपंचाला विचारायचं. पोलीस, सरकारी दवाखाने, शेतीपंपाची वीज हा राज्याचा कारभार, म्हणजे आमदाराचा. रेल्वे, संरक्षण, परराष्ट्र धोरण, आयकर, आयात-निर्यात हे दिल्लीचं. कांद्याच्या निर्यातबंदीचा कागद दिल्लीत निघतो आणि भाव लासलगावला पडतो. तो लोकसभेचा विषय. प्रचारात उमेदवार हे सगळं एकत्र कालवून वाढतात, तुम्ही ते वेगळं करून विचारा.

पायरी २: नाव यादीत आहे का?

सर्वांत जास्त मतं इथे बुडतात. ‘माझ्याकडे मतदार ओळखपत्र आहे’ म्हणजे ‘माझं नाव यादीत आहे’ असं नाही. कार्ड पाकिटात असतं आणि नाव यादीतून गेलेलं असतं, हे मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर दर वेळी ऐकू येतं.

मताचा अधिकार १८ व्या वर्षी मिळतो. १९८९ पर्यंत ही अट २१ वर्षांची होती, ६१ व्या घटनादुरुस्तीनं ती खाली आली. पूर्वी वर्षातून एकच तारीख धरत, १ जानेवारी. आता चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तुम्हाला २० ऑगस्टला अठरा पूर्ण होत असतील तर १ ऑक्टोबरच्या तारखेला तुम्ही पात्र ठरता. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो.

अर्जांचे नंबर लक्षात ठेवा, तेच कामाचे. नवं नाव नोंदवायचं तर नमुना ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं: नमुना ८. नाव काढून टाकायचं किंवा एखाद्या नावाला हरकत घ्यायची तर नमुना ७. परदेशात राहणारे आणि तिथलं नागरिकत्व न घेतलेले भारतीय नमुना ६-अ भरतात. पण मत द्यायला त्यांना मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून मत देता येत नाही.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मोबाईल ॲपवर भरता येतो, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेक वेळा तो जवळच्या शाळेतला शिक्षक असतो किंवा अंगणवाडी सेविका. गावात सगळे त्यांना ओळखतात, शहरात कोणी ओळखत नाही. कोण आहे ते कळलं नाही तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

पुण्यात किंवा नागपुरात शिकायला आलेल्या मुलांचा नेहमीचा प्रश्न: नाव कुठे ठेवू? वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवता येतं, गावी ठेवलं तरी चालतं. दोन्हीकडे ठेवणं मात्र गुन्हा आहे. माझं मत विचाराल तर मतदानाच्या दिवशी तुम्ही जिथे नक्की असाल तिथे ठेवा. ‘एसटीनं जाऊन मत देऊन येईन’ हा निश्चय परीक्षेच्या वेळापत्रकापुढे टिकत नाही.

नाव नोंदवताना स्पेलिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, सगळं नीट बघा. ही किरकोळ बाब वाटत असेल तर पहिल्या निवडणुकीकडे बघा. १९५१-५२ साठी याद्या तयार होत होत्या तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही; ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मतदार यादीबाहेर राहिल्या.

उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव चढत नाही. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. आणि एकदा नोंदवलं म्हणजे जन्माचं काम झालं असंही समजू नका. याद्यांची फेरतपासणी होत असते. गोव्यात २०२५ च्या अखेरीस विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली तेव्हा जुन्या मतदारांनाही पुन्हा अर्ज भरून द्यावे लागले.

पायरी ३: देश चालवणाऱ्यात काय बघायचं?

चहाच्या टपरीवर विचारा, नेता कसा हवा. प्रामाणिक हवा, खंबीर हवा, शिकलेला हवा, साधा हवा, बोलणारा हवा, आपला हवा. यादी सगळ्यांची साधारण सारखीच निघते. अडचण अशी की यातले बरेच गुण भाषणात दाखवता येतात. भाषण हे नेत्याच्या सोयीचं ठिकाण: व्यासपीठ त्याचं, वेळ त्याची, टाळ्याही त्याच्या. माणूस ओळखायचा तर तो गैरसोयीच्या वेळी काय करतो ते बघावं लागतं. पुढचे दाखले जुने आहेत. ते मुद्दाम घेतले, कारण आजच्या नेत्यांची नावं घेतली की वाचणारा आधीच आपली बाजू ठरवून बसतो.

खंबीरपणा घ्या. मोठ्यानं बोलणं म्हणजे खंबीरपणा असं आपल्याकडे पटकन ठरतं. पण खंबीरपणाची किंमत स्वतःला मोजावी लागत असेल तरच तो खरा. चिंतामणराव देशमुख कुलाब्यातून निवडून आलेले, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरू होते आणि पक्षाची सत्ता अभेद्य होती. गप्प राहिले असते तर कोणी त्यांना उठवलं नसतं. म्हणून तुमच्या पसंतीच्या नेत्याबद्दल स्वतःला विचारा: ज्यात त्याचं नुकसान होतं असा एक तरी निर्णय मला सांगता येतो का? विरोधकांवर कडाडणं यात धरू नका, ते फुकट असतं.

जबाबदारी घेणं हा दुसरा. नोव्हेंबर १९५६ मध्ये तामिळनाडूतल्या अरियलूरजवळ रेल्वे अपघात झाला, शंभराहून जास्त माणसं गेली आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. राजीनाम्यानं रूळ दुरुस्त होत नाहीत, हे मान्य. दर अपघाताला मंत्री बदलावा असं माझंही म्हणणं नाही. पण काही बिघडलं की नेता पहिलं वाक्य काय बोलतो ते ऐका. ‘हे माझ्या खात्यात झालं’ म्हणतो, की खालच्या अधिकाऱ्याकडे, आधीच्या सरकारकडे, राज्याकडे बोट दाखवतो?

माणसं पारखणं हा गुण मतदार सहसा विचारातच घेत नाहीत आणि मला तो फार वरचा वाटतो, कारण एवढा देश एकटा माणूस चालवत नाही. नरसिंह राव २१ जून १९९१ ला पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या पक्षाकडे स्वतःचं बहुमत नव्हतं आणि देशाच्या तिजोरीत परकीय चलन जवळजवळ नव्हतं. त्यांनी अर्थखात्यासाठी निवडणुकीच्या राजकारणात नसलेला अर्थतज्ज्ञ आणला, जुलैच्या पहिल्या आठवड्यातच रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पुढे परवाना राज, म्हणजे उद्योगाला पावलोपावली सरकारी परवाना लागण्याची पद्धत, मोडायला सुरुवात झाली. त्या धोरणांबद्दल आजही वाद घालता येतो. पण कोणतं काम कोणाला द्यायचं आणि त्याच्या मागे किती उभं राहायचं, हे त्या माणसाला कळत होतं. आजच्या नेत्याभोवती कोण आहे बघा. त्याला ‘नाही’ म्हणू शकेल असं एक तरी माणूस दिसतं का?

मग हार. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असं पडलं. एका मतानं. मत कोणाचं धरायचं यावर वाद घालायला जागा होती आणि झालाही, पण पंतप्रधान राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे गेले आणि देश निवडणुकीला सामोरा गेला. इंदिरा गांधींचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे, म्हणून जास्त शिकवणारं. १९७५ ला आणीबाणी त्यांनी आणली, विरोधकांना तुरुंगात टाकलं, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप लादली, लोकसभेची मुदत वाढवली. १९७७ ला निवडणूकही त्यांनीच घेतली, रायबरेलीत स्वतः हरल्या आणि खुर्ची सोडून घरी गेल्या. एकाच माणसात दोन्ही गोष्टी असू शकतात. ज्यांना नेता एक तर देव हवा असतो नाहीतर राक्षस, त्यांनी हे प्रकरण नीट वाचावं.

तपशिलाची जाण हा गुण सभेत दिसत नाही. मधू दंडवते राजापूरचे खासदार. १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला. तोवर कोकणी माणूस, बिहारी मजूर, सगळे रात्रभर फळीवर आडवे होत. नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवण्याचा फोटो पेपरात येतो. फोमचा येत नाही.

साधेपणा मी यादीत बराच खाली ठेवतो, हे काहींना आवडणार नाही. खादीचा सदरा आणि ज्वारीची भाकरी यावरून कारभार कळत नाही. वक्तृत्वाचंही तसंच. शिवाजी पार्कच्या सभांवर वाढलेल्या महाराष्ट्राला चांगल्या भाषणाची चटक आहे, आणि चांगलं बोलणारा चांगलाच असणार अशी आपली भाबडी समजूत असते. नेता किती छान बोलतो त्यापेक्षा तो प्रश्न घेतो का, हे बघा. आधी न ठरवलेले प्रश्न, न आवडणाऱ्या पत्रकाराचे, संसदेत विरोधी बाकावरचे.

एक सावधगिरी. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. नेता आवडावा, त्यासाठी घसा कोरडा होईपर्यंत घोषणाही द्याव्यात. फक्त वरचे प्रश्न आपल्याच नेत्याला लावताना तुम्हाला राग येऊ लागला, तर गाडी कोणत्या रस्त्याला लागली आहे ते ओळखा.

पायरी ४: आपल्या उमेदवाराची कागदपत्रं

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा हक्क आपल्याला मिळाला. हे शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. कंटाळवाणं असतं, पण अर्ध्या तासाचं काम आहे.

गुन्ह्यांच्या रकान्यात नुसता आकडा बघू नका. शेतकरी आंदोलनात रास्ता रोको केला म्हणून जमावबंदीचे बारा गुन्हे असलेला माणूस आणि खंडणीचा किंवा स्त्रीवरच्या अत्याचाराचा एक गुन्हा असलेला माणूस यांत बारा मोठे ठरत नाहीत. कलम कोणतं, आरोप निश्चित झालेत का, शिक्षा झाली आहे का, हे वाचा. असे खटले असलेल्या उमेदवाराला ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात. पक्षालाही सांगावं लागतं की स्वच्छ माणूस सोडून हाच का निवडला. पक्ष ‘निवडून येण्याची क्षमता’ वगैरे लिहितात. २०२० च्या आदेशात न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे की नुसती ती क्षमता हे कारण चालणार नाही.

मालमत्तेत श्रीमंती बघू नका, वाढ बघा. उमेदवार आधीही लढलेला असेल तर जुनं शपथपत्र काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. व्यवसाय ‘शेती व समाजसेवा’ आणि पाच वर्षांत मालमत्ता चौपट, तर कोणती समाजसेवा ते सभेत विचारायला हरकत नाही.

विद्यमान खासदार पुन्हा उभा असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर त्याचे प्रश्न आणि भाषणं सापडतात, हजेरीही. इथे दोन फसगती होतात. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यामुळे मंत्र्याच्या नावापुढे शून्य बघून चिडू नका. दुसरं, प्रश्नांच्या संख्येला भुलू नका. शेकडो प्रश्न असतील पण तुमच्या जिल्ह्याचा, तिथल्या पिकाचा किंवा रेल्वेमार्गाचा एकही नसेल तर ती फक्त यादी आहे.

आणि तो बसथांब्यावरचा ‘खासदार निधीतून’ हा फलक. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच. काम चांगलं असेल तर चांगलं म्हणा, उपकार मानू नका.

पायरी ५: व्यक्ती की पक्ष?

१९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला की खासदाराला त्याप्रमाणे मत द्यावं लागतं, नाहीतर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे तुमचा उमेदवार कितीही विद्वान असला तरी महत्त्वाच्या विधेयकावर तो पक्ष सांगेल तेच बटण दाबणार. म्हणून लोकसभेला पक्ष आणि त्याचं नेतृत्व जड धरावं असं मला वाटतं. ग्रामपंचायतीला उलट, तिथे माणूस जड.

पण त्याला एक तळ असावा. उमेदवार गंभीर गुन्ह्यात अडकलेला असेल, किंवा पाच वर्षांत मतदारसंघात फिरकलाच नसेल, तर वरचा नेता आवडतो म्हणून त्याला मत देऊ नये. पक्षांना तिकीट वाटताना हेच गृहीत धरायचं असतं, की आमच्या चिन्हावर दगड उभा केला तरी निवडून येईल. शिवाय २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन पक्ष फुटले, तेव्हा ‘मी मत दिलं ते नक्की कोणाला?’ हा प्रश्न इथल्या मतदाराइतका कोणाला छळला नसेल. तेव्हा पक्ष बघतानाही आतली माणसं किती टिकाऊ आहेत याचा अंदाज घ्या.

प्रचाराबद्दल थोडक्यात. जाहीरनामा सगळा वाचायची गरज नाही. तुमच्या पोटाशी संबंध असलेलं एक पान वाचा आणि पैसा कुठून येणार हे लिहिलंय का बघा. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी एक रात्र थांबा. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. पैसे, साड्या, दारू याच काळात फिरतात. ‘सी-व्हिजिल’ या ॲपवर फोटोसह तक्रार करता येते आणि तिच्यावर १०० मिनिटांत कारवाई करायची असं आयोगाचं ठरलेलं आहे.

पायरी ६: मतदानाच्या दिवशी

आदल्या दिवशी केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक काढून ठेवा. घरी आलेली मतदार चिठ्ठी उपयोगी असते, पण ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड यांपैकी एक चालतं. यादीत आणखीही काही आहेत. मूळ कागद न्या. मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे त्यातलं डिजिटल कार्ड दारापर्यंतच कामाचं.

वेळ साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६. गडचिरोलीसारख्या भागात काही ठिकाणी दुपारी ३ लाच संपते. वेळ संपताना तुम्ही रांगेत उभे असाल तर तुम्हाला चिठ्ठी मिळते आणि कितीही उशीर झाला तरी मत देता येतं. कोणी ‘आता संपलं’ म्हणालं तर रांग सोडू नका. नोकरी असेल तर मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, खासगी कंपनीतही.

आत पहिला अधिकारी ओळखपत्र बघून नाव मोठ्यानं वाचतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो आणि सही घेतो. ती शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुम्ही एकटे.

इथे घाई करू नका. नाव, फोटो आणि चिन्ह, तिन्ही जुळवून मगच बटण दाबा. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला दहा हजारांच्या आसपास मतं पडली होती. २०२४ ला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचा उमेदवार ३२ हजारांवर मतांनी पडला आणि नुसती ‘तुतारी’ असलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. ती वाचा, लांब बीप ऐका, बाहेर या.

घरातल्या वयस्कर माणसांसाठी: ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं, पण त्यासाठी निवडणूक जाहीर झाल्यावर लगेच नमुना १२-ड भरावा लागतो.

पायरी ७: काही अडलं तर

तुमच्या नावानं आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर भांडत बसू नका आणि परतही फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे ‘प्रदत्त मत’ मागा, ज्याला सगळे टेंडर व्होट म्हणतात. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते. ते मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकाल अटीतटीचा होऊन कोर्टात गेला तर त्याला महत्त्व येतं. मुंबई उत्तर-पश्चिमच्या निकालाविरुद्धच्या याचिकेत याच मतांचा मुद्दा होता, न्यायालयानं ती याचिका पुढे फेटाळली. व्हीव्हीपॅटवर वेगळंच चिन्ह दिसलं असं वाटलं तर लेखी तक्रार देऊन चाचणी मत मागता येतं. तक्रार खोटी ठरली तर कारवाई होते, म्हणून खात्री असेल तरच.

कोणीच पटत नसेल तर ‘नोटा’ आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आलेलं. त्याची ताकद मात्र नीट समजून घ्या. २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला दोन लाखांहून जास्त मतं पडली, २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं. दोन्हीकडे सर्वाधिक मतं मिळालेला उमेदवारच निवडून आला. नोटा निषेध नोंदवतं, निकाल बदलत नाही. घरी बसण्यापेक्षा ते नक्की बरं, कारण घरी बसलेल्याचा राग कोणत्याच आकड्यात दिसत नाही.

मत देऊन आल्यावर एवढं करा: निवडून आला त्याचा आणि तुम्ही मत दिलं त्याचा, दोन्ही जाहीरनामे मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, कारण सत्ता आली की कधी कधी ते पक्षांच्या संकेतस्थळावरून नाहीसे होतात. पहिलं हिवाळी अधिवेशन संपलं की आपल्या खासदारानं कोणते प्रश्न विचारले ते काढा. तुमच्या भागाचा एकही नसेल तर पत्र लिहा, प्रत स्थानिक वर्तमानपत्राला द्या. तुम्ही त्याला मत दिलं होतं की नाही, हे पत्रात सांगायची गरज नाही.